गाडी एकदा लावली की हलवायची नाही: फ्रान्सच्या बेटावर मोटरहोम, सायकल आणि कॅम्पची जागा

मागच्या अंकात मी फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या इल द रे या बेटाबद्दल थोडं लिहिलं होतं, की ला रोशेल शहराजवळचं हे बेट जवळजवळ सगळं सपाट आहे, शंभर किलोमीटरच्या आसपास सायकलचे रस्ते आहेत आणि मोटरहोम, म्हणजे आत झोपायची आणि स्वयंपाकाची सोय असलेली मोठी गाडी, घेऊन आलेली माणसं ती कॅम्पमध्ये, म्हणजे अशा गाड्या लावून राहायच्या जागेत, लावून दिवसभर सायकलवरच फिरतात. त्यावर बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी सगळीकडून प्रश्न आलेत आणि बरेचजण कॅम्प कुठला घ्यायचा यावरच अडलेत, म्हणून या वेळचं सदर सगळं त्यालाच दिलंय.

प्रश्न: ओ ताई, नमस्कार. मी आणि मिसेस दोघं रिटायर्ड, टिळकवाडीत राहतो. रविवारी आमचा ग्रुप कधी राकसकोप, कधी जांबोटीकडं सायकलनं जातोय, त्यामुळं सवय आहे. मुलगा नेदरलँडला असतोय, तो म्हणतोय जूनमध्ये या, मोटरहोम भाड्यानं घेऊ आणि आठ दिवस इल द रे ला जाऊ. त्यानं तीन कॅम्प काढून पाठवलेत. एक ब्रिज उतरलं की लगेच, चार स्टार, स्विमिंग पूल, घसरगुंड्या, संध्याकाळी गाणीबिणी. दुसरा बेटाच्या मधोमध गावाला लागून, साधाच, पण झाडं आहेत. तिसरा पार टोकाला दीपगृहाजवळ, फोटो बघितला की जीव तिथंच जातोय. मिसेसना तिसरा पाहिजे, मुलाला पहिला, मी मधे अडकलोय. तुम्हीच सांगा की.

उत्तर: काका, मधला घ्या. काकूंना आणि मुलाला दोघांनाही पटेल असं कारण सांगते.

सायकलच्या सुट्टीत मोटरहोम म्हणजे आठ दिवसांचं घर. ते एकदा लावलं की निघायच्या दिवशीच परत चालू करायचं असं आधी ठरवा आणि मग कॅम्प शोधा, निम्मे प्रश्न तिथंच मिटतात. रोज गाडी काढायची म्हटलं तर रोज लाइटची वायर काढा, भांडी कपाटात घालून कड्या लावा, खुर्च्या-टेबल आत घ्या, बाहेरचं छत गुंडाळा, आणि एवढं करून गावात गेलात तर गल्ल्या अरुंद, किनाऱ्याजवळच्या कितीतरी पार्किंगना दोन मीटरवर आडवा दांडा लावलेला असतोय, तो उंच गाड्या आत येऊ नयेत म्हणूनच असतोय. बेटाला लांबून पार जाणारा मुख्य रस्ता एकच, सीझनला तो तुंबतोय. सायकलवाला मात्र शेतातनं, द्राक्षबागेतनं, मिठागरातनं निघून जातोय.

आता नकाशा डोळ्यासमोर आणा. बेट पूर्व-पश्चिम असं लांबट, सुमारे ३० किलोमीटर लांब, जास्तीत जास्त ५ किलोमीटर रुंद, आणि मार्त्रे म्हणून एक जागा आहे तिथं तर रुंदी फक्त ७० मीटरच्या आसपास उरते, म्हणजे दोन्ही हातांना पाणी आणि मधनं रस्ता. २०१० च्या फेब्रुवारीत झिंथिया नावाचं वादळ आलं तेव्हा बेटाच्या सखल भागात समुद्र आत शिरला होता, तिथले बांध बघितले की ते का घातलेत ते कळतंय. ब्रिज पूर्वेच्या टोकाला रिव्हदू गावात उतरतोय, दीपगृह पश्चिमेच्या टोकाला, आणि मधे सगळी मिळून दहा गावं.

मुलाचा कॅम्प ब्रिजजवळ, म्हणजे दीपगृहापर्यंत जाऊन यायचं तर ५०-६० किलोमीटर. तुम्हाला ते अवघड नाही मला माहिताय, पण रोज कुठंही जायचं तरी पहिले दहा किलोमीटर तेच ते, तिसऱ्या दिवशी कंटाळा येतोय. मधल्या भागात, म्हणजे ला कुआर्द किंवा ल ब्वा प्लाज या गावांच्या आसपास राहिलात तर सां मार्तां बंदर पाचेक किलोमीटर, आर्स गाव दहाच्या आत, दीपगृह पंधराएक. रोज वेगळ्या दिशेला निघायचं, दमला तर अर्ध्यातनं परत फिरायचं, पाऊस आला तरी घर जवळच.

काकूंच्या कॅम्पचं खरं दुखणं वारा आहे. ह्या किनाऱ्यावर वारा बहुतेक वेळा समुद्राकडनं, पश्चिमेकडनं येतोय. टोकाला राहिलात तर सकाळी वाऱ्याच्या पाठबळावर मजेत लांब जाणार आणि संध्याकाळी दमून परत येताना तो समोरनं बसणार, तेही मिठागराच्या उघड्या पट्ट्यात, जिथं आडोशाला एक झाड नाही. जांबोटीच्या रस्त्याला चढ लागला की पुढं उतार येणार हे पायांना ठाऊक असतंय, समोरचा वारा म्हणजे उतार नसलेला चढ, सपाट रस्त्यावर तासभर खालच्या गिअरमध्ये मारत बसायचं. मधे राहिलं की उलटं होतंय. सकाळी ताजे पाय असताना वाऱ्यावर चढून जायचं, दीपगृह बघायचं, आणि येताना वारा पाठीशी. सायकलच्या सुट्टीचा कॅम्प वाऱ्याकडं बघून घ्या असं मी सगळ्यांना सांगते आणि फार थोडी माणसं ऐकतात, सगळे फोटो बघून घेतात.

दीपगृह चुकवू नका काकू, फार सुंदर आहे. १८५४ सालचं, ५७ मीटर उंच, २५७ पायऱ्या गोल गोल वर जातात. सकाळी दहाच्या आत पोचा, नंतर जिन्यात गर्दी होते. वाटेत आर्स गाव लागेल, त्याच्या चर्चचा कळस अर्धा काळा अर्धा पांढरा रंगवलेला आहे, समुद्रावरच्या खलाशांना खूण दिसावी म्हणून. मिठागरातनं जाताना तो कळस कितीतरी वेळ दिसत राहतो, कधी डाव्या हाताला, कधी उजव्या, कारण सायकलचा रस्ता बांधाबांधानं वळत जातो. बांधाच्या खाली चौकोनी वाफे, त्यात बोटभर पाणी, आणि लांब दांड्याचं लाकडी फावडं घेऊन माणूस मीठ हळूहळू काठाला ओढत असतो, एवढं हळू की खालचा चिखल उठायला नको. थांबून बघा, दहा मिनिटं गेली तर जाऊ देत.

आता मधलाच कॅम्प पण त्यातली जागा कुठली हे बघायचं राहिलं. बुकिंगआधी कॅम्पचा नकाशा मागवा. फ्रान्समधल्या बऱ्याच कॅम्पमध्ये निम्म्याहून जास्त जागा पक्क्या लाकडी घरांनी आणि मोबाइल होमनी, म्हणजे एका जागी आणून ठेवलेल्या तयार घरांनी, भरलेल्या असतात, स्वतःची गाडी लावायच्या मोकळ्या जागा कोपऱ्यात थोड्याच उरतात, आणि चार स्टारच्या कॅम्पमध्ये हे जास्त दिसतंय, कारण स्टार मिळतात ते सोयींना, शांततेला नाही. गाडीची लांबी मीटरमध्ये कळवा, सात मीटरची गाडी प्रत्येक जागेत वळत नाही. बाथरूमच्या इमारतीपासून दोन-तीन जागा सोडून घ्या, अगदी शेजारी घेतली तर रात्रभर लाइट आणि दारांचा आवाज. दोन जागांच्या मधे झुडपांचं कुंपण आहे का विचारा, वारा अडतोय आणि शेजाऱ्याच्या ताटात काय आहे ते आपल्याला दिसत नाही. जूनमध्ये तिथं सूर्य रात्री दहाच्या सुमाराला मावळतोय, म्हणजे दुपारनंतरचं ऊन लांबतंय, पश्चिमेला झाड असलेली जागा मिळाली तर गाडी तापत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पावाचं दुकान चालत जाता येईल एवढं जवळ पाहिजे आणि कॅम्पच्या गेटातनं बाहेर पडलं की सायकलचा रस्ता पाहिजे, मधे मोटारींचा रस्ता नको. या दोन गोष्टी असल्या तर स्विमिंग पूल नसला तरी मला चालेल, समुद्र आहे की तिथं.

मुलाला स्विमिंग पूल पाहिजेच असेल तर त्याला एक सांगून ठेवा, फ्रान्समधल्या बहुतेक स्विमिंग पुलांत सैल हाफपँट चालत नाही, घट्ट ट्रंक लागते, गेटवरच परत पाठवतात.

प्रश्न: ताई, आम्ही खानापूरचे, घरात शुद्ध शाकाहारी. सासूबाई पण येणार म्हणतात. मोटरहोममध्ये रोजचा भात-आमटी होईल का, इंडक्शन नेऊ का, आणि तिकडं असलेली बहीण म्हणते येताना कुंदा घेऊन ये.

उत्तर: होतंय की, आणि आपल्या माणसांना मोटरहोमचं हेच मोठं सुख आहे, हॉटेलात रोज काय खायचं हा प्रश्नच राहत नाही. पण इंडक्शन घरी ठेवा.

कॅम्पमध्ये प्रत्येक जागेला एक विजेचा खांब असतोय, त्यात गाडीची वायर लावायची. त्या खांबावर किती अँपिअर मिळणार हे बुकिंगमध्ये लिहिलेलं असतंय, ६ किंवा १०, कुठं कुठं १६. तिथं २३० व्होल्ट, म्हणजे ६ अँपिअरला सगळं मिळून १३८० वॅट, १० ला २३००. इंडक्शनची शेगडी एकटीच २००० वॅट ओढते, पाण्याची किटली पण तेवढीच. सहा अँपिअरवर लावलं की खटकन सर्किट पडतं, मग बरण्या-डबे तसेच ठेवून ऑफिसात जाऊन सांगायचं, आणि रात्रीची वेळ असली तर ऑफिस बंद. मिक्सर ७५० वॅटचा असतोय, तो चालेल, पण त्या वेळी फ्रीज, चार्जर आणि गरम पाण्याचा बॉयलर विजेवर आहे का बघा, बेरीज करूनच बटण दाबायचं. ई-बाइक भाड्यानं घेणार असाल तर त्यांच्या बॅटऱ्या रात्री चार्ज करायच्या म्हणूनही १० अँपिअरचीच जागा मागा.

स्वयंपाक गॅसवर करा. मोटरहोममध्ये दोन किंवा तीन बर्नरची शेगडी आणि सिलिंडर असतोय, आपला दोन-तीन लिटरचा कुकर त्याच्यावर नीट बसतोय. कुकर लावला की वरची छताची खिडकी उघडायची, हे सासूबाईंना पण सांगून ठेवा, एवढ्याशा जागेत वाफ आणि गॅस दोन्ही कोंडतात. फोडणी मात्र सकाळी लवकर घालू नका, शेजारी तीन मीटरवर झोपलेले असतात.

तांदूळ, डाळी, चटणीपूड, मेतकूट, पोहे, मसाला हे इथनं नेता येतंय. दूध-खव्याचे पदार्थ, तूप, पनीर युरोपीय संघाच्या बाहेरच्या देशातनं सामानात नेता येत नाही, म्हणून कुंदा बहिणीला ती इकडं आली की बेळगावातच खाऊ घाला. कढीपत्ता आणि ताजी भाजी पण नको. भाजी तिथं बाजारात भरपूर मिळते, ल ब्वा प्लाजचा आणि ला फ्लोतचा बाजार दोन्ही छान आहेत. या बेटावरचा नवा बटाटा फ्रान्समध्ये नावाजलेला आहे, त्याला नावाचं कायदेशीर संरक्षण पण आहे, मे ते जुलै मिळतोय, लहान, पातळ सालीचा, सालासकट जिरं-मिरची घालून परतला तर सासूबाई दुसरं काही मागणार नाहीत. बेटाचंच मीठ घाला त्याच्यावर. आणि पारंपरिक बगेत पावात पीठ, पाणी, मीठ आणि यीस्ट एवढंच असतंय, तो निःशंक खा, क्रोसाँवर मात्र वरनं अंडं लावलेलं असू शकतंय, विचारून घ्या.

प्रश्न: मॅडम, निपाणीहून लिहितोय. मुलगी ११ ची, मुलगा ८ चा. शाळेला सुट्टी एप्रिल-मे मध्येच, मे संपला की इकडं शाळा चालू. इल द रे महाग आहे म्हणतात, ओलेरों आणि न्वारमूतिए पण बेटं आहेत तिकडंच, कुठलं घेऊ? मुलाला तो पाण्यात बुडणारा रस्ता बघायचाय.

उत्तर: तिन्ही बेटं सायकलला चांगली, तिन्हीना ब्रिज आहे, त्यामुळं मोटरहोमला बोटीचा खर्च नाही. इल द रे चा ब्रिज १९८८ चा, तिथं आत जाताना टोल लागतो, कारला बरीच वर्षं उन्हाळ्यात १६ युरो आणि एरवी ८ असा दर आहे, मोठ्या गाडीचा निघायच्या आधी बघून घ्या, सायकलवाल्याला काही नाही. ओलेरोंचा ब्रिज १९६६ चा, १९९१ पासून टोल नाही. न्वारमूतिएचा १९७१ चा, तोही फुकट.

तुमच्या महिन्यांना मी ओलेरों म्हणेन. फ्रान्सच्या मुख्य भूमीलगतच्या बेटांत कॉर्सिका सोडलं तर हे सगळ्यात मोठं. इथं पाइनची जंगलं आहेत आणि जंगलातनं सायकलचे रस्ते, एप्रिलच्या गार वाऱ्यात मुलांना आडोसा मिळतोय. कॅम्प पूर्वेच्या बाजूला बोयारव्हील गावाकडं बघा. पश्चिमेचे बीच दिसायला भव्य पण तिथं लाटा आणि पाण्याची ओढ जबर, लहान मुलं असताना त्या बाजूला राहून रोज धाक नको. बोयारव्हीलच्या बाजूला समुद्रात उभा असलेला फोर बोयार नावाचा दगडी किल्ला दिसतोय, मुलं तो बघतच बसतील. पाण्यात खेळायचं मात्र मनातनं काढा, एप्रिलमध्ये पाणी १२-१३ अंशांच्या आसपास असतंय.

तारखा ठरवताना एक सांभाळा. मे मध्ये फ्रान्सला सुट्ट्या एकामागोमाग एक असतात, १ मे, ८ मे, आणि ईस्टर धरून चाळिसाव्या दिवशी असेन्शनचा गुरुवार, तो आला की लोक शुक्रवार पण घेतात आणि चार दिवस सगळे कॅम्प भरतात. त्या तारखा टाळा किंवा त्यांचं बुकिंग आधीच करा. आणि कॅम्प चालू कधी होतोय तेही बघा, बरेचसे एप्रिलमध्येच उघडतात, काही उशिरा.

बुडणारा रस्ता न्वारमूतिएचा, त्याला ग्वा म्हणतात, ४ किलोमीटरला थोडा जास्तच लांब. दिवसातनं दोनदा ओहोटीला उघडा पडतो, दोनदा बुडतो. ओहोटीच्या वेळेच्या दीड तास आधीपासून दीड तास नंतरपर्यंतच जायचं, वेळेचा बोर्ड दोन्ही टोकांना लावलेला असतोय. मधे मधे उंच खांब आहेत, वर चढून बसायला मचाण असलेले, अडकलेल्या माणसांसाठी. ओलेरोंहून हे लांब पडतंय, पण गाडी परत द्यायला नांत शहराला जाणार असाल तर वाटेवर थोडं वळून एक रात्र तिथं काढता येईल. मोटरहोम ब्रिजवरनं न्या, खाऱ्या पाण्यातला रस्ता आहे, भाड्याची गाडी त्यात नको. मुलाला सायकलवरनं न्या, ओहोटीला पाणी अजून उतरत असताना निघा, भरती लागायची वेळ नको. दगड ओले असतात, कडेला शेवाळ असतंय, मधनं चालवा.

मुलांना हेल्मेट घाला, तिथं २०१७ पासून १२ वर्षांच्या आतल्या मुलांना सायकलवर हेल्मेट सक्तीचं आहे, मागं सीटवर बसलेल्यालाही. मुलगी अकराची, तिलाही लागू.

प्रश्न: शहापूरचा वाचक. कॅम्पचा खर्च कशाला, रात्री बीचच्या पार्किंगला गाडी लावून झोपलं तर? गोव्यात आम्ही तसंच करतो.

उत्तर: इल द रे ला नको. कॅम्प किंवा मोटरहोमसाठी ठरवून दिलेल्या जागा सोडून रात्री गाडीत राहायला तिथं बंदी आहे, पोलीस येऊन उठवतात, दंड होतोय. खर्च कमी करायचा तर नगरपालिकेचे कॅम्प बघा, साधे असतात पण जागा बऱ्याचदा गावात मोक्याच्या. नाहीतर मोटरहोमच्या ठरलेल्या पार्किंगच्या जागा, त्यांना एर म्हणतात, तिथं पाणी भरता येतं, घाण पाणी सोडता येतं, पण खुर्च्या मांडून बसायचं नाही आणि आगाऊ बुकिंग बहुधा होत नाही, जुलै-ऑगस्टला जागा मिळेल याची खात्री नाही. एक-दोन रात्रींना ठीक, आठवड्याला कॅम्पच. आणि व्हिसाला राहण्याचा पुरावा लागतोय, तेव्हा कॅम्पच्या बुकिंगवर घरातल्या सगळ्यांची नावं पासपोर्टप्रमाणे आलीत का बघा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतोय, विमा कमीत कमी ३०,००० युरोचा पाहिजे.

प्रश्न: चिकोडीहून. माझं लायसन के ए २३ चं, कार चालवतो, ट्रॅक्टर पण. मोटरहोम चालेल का तिकडं? आणि गाडी पॅरिसमध्ये घेऊ का?

उत्तर: साडेतीन टनापर्यंतची मोटरहोम कारच्या लायसनवर चालते, भाड्याच्या बहुतेक गाड्या त्याच्या आतच असतात. आपल्या आर टी ओ कडनं इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढून घ्या, एक वर्ष चालतंय, आणि मूळ लायसन पण बरोबर ठेवा, नुसतं परमिट चालत नाही. भाडं देणाऱ्या कंपन्यांच्या वयाच्या आणि लायसन किती जुनं याच्या अटी वेगवेगळ्या, काहींत वरच्या वयाची पण अट असते, आधी विचारा.

पॅरिसमध्ये गाडी घेऊ नका भाऊ. रात्रभर विमानात जागून, उजव्या बाजूनं चालवायची पहिलीच वेळ, सात मीटरची गाडी आणि पॅरिसचं ट्रॅफिक, हे एकत्र नको. पॅरिसहून ला रोशेलला वेगवान रेल्वे तीनेक तासात पोचवते, नांतलाही जाते. तिथं एक रात्र झोपा आणि सकाळी गाडी घ्या. ताब्यात घेताना छताचा, आरशांचा, मागच्या बंपरचा व्हिडिओ काढा. आणि गाडीची उंची एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून काचेच्या आत चिकटवा, तीन मीटरच्या आसपास असते, झाडाच्या फांद्या आणि आडवे दांडे बघताना डोक्यात ती राहत नाही.

प्रश्न: ताई, नाव छापू नका, अनगोळहून. संडासचं काय असतंय ते कुणी सांगत नाही. चार माणसं, आठ दिवस.

उत्तर: बरं झालं विचारलंत, मनात सगळ्यांच्याच असतंय. मोटरहोमच्या संडासाखाली एक डबा असतोय, कॅसेट म्हणतात, साधारण १७ ते २० लिटरचा. चार माणसांनी वापरला तर दिवस-दीड दिवसात भरतोय, म्हणून दिवसा कॅम्पचंच संडास वापरा आणि गाडीतलं फक्त रात्रीला. डबा बाहेरच्या छोट्या दारातनं निघतो, चाकं असतात, ओढत न्यायचा. रिकामा करायची जागा वेगळी असते, तिथंच ओतायचा, साध्या संडासात किंवा गटारात नाही. ओतताना हवेचं बटण दाबून धरायचं म्हणजे एकदम उसळत नाही, मग पाण्यानं खळबळायचा, निळं औषध घालायचं, झालं. हे काम सकाळी सातला केलं तर रांग नसते. जागा निवडताना हे ठिकाण किती लांब आहे ते नकाशावर बघा, भरलेला २० किलोचा डबा खडीवरनं ओढायचा असतोय.

कॅम्पच्या संडासात पाण्याचा जेट नसतोय, कागद पण कधी कधी स्वतःचा न्यायला लागतोय. एक प्लॅस्टिकचा तांब्या बॅगेत टाका.

प्रश्न: आमच्या सायकली इथनं विमानातनं नेऊ का तिकडं भाड्यानं घेऊ? सुळगा, बेळगाव.

उत्तर: भाड्यानं. बेटावर गावागावात सायकलची दुकानं आहेत, लहान मुलांची, मागं गाडा जोडलेली, ई-बाइक, सगळं मिळतंय, आणि बिघडली तर तेच दुरुस्त करतात. मोटरहोमच्या मागच्या कॅरिअरला वजनाची मर्यादा असते, बऱ्याचदा ५०-६० किलोच, आणि ई-बाइक एकेक २५ किलोपर्यंत जाते, दोन लावल्या की संपलं. भाड्यानं घेतलेली सायकल कॅम्पवर आणून देणारी दुकानं पण आहेत, बुकिंग करतानाच विचारा. जूनच्या शेवटी आणि पुढं जाणार असाल तर सायकली पण आधी सांगून ठेवायला लागतात. टायर जाड घ्या, मिठागरातले काही रस्ते डांबरी नाहीत, बारीक खडी दाबलेले आहेत. रोज तासन्‌तास बसायची सवय एकाच सीटची असेल तर ती सीट तेवढी इथनं न्या, पाना त्यांच्याकडं असतोय.